सोनमासे आणि हरवलेली हाक

एका राज्यात माणसांची नावं माशांपाशी ठेवायची रीत होती. मूल जन्मलं की बाराव्या दिवशी आई त्याला घेऊन तळ्यावर जाई, ओंजळीत एक मासा धरी आणि मुलाचं नाव आधी माशाला सांगे, मग मुलाच्या कानात. मासा पाण्यात सोडला की नाव पक्कं झालं. पुढे मासा म्हातारा होई, मरे, पण जाण्याआधी ते नाव आपल्या पिल्लांकडे सोपवून जाई आणि पिल्लं त्यांच्या पिल्लांकडे. त्यामुळे त्या राज्यात पणजीच्या पणजीचं नावसुद्धा कोणी विसरत नसे.

आणि तळं तरी केवढं! या काठावरून मारलेली हाक त्या काठाला जेवणवेळेला पोचायची. पाणी असं नितळ की तळाशी पडलेली सुई वरून दिसावी. त्यात मरळ होती, वांब होती, शिंगटी होती, आणि खवल्या, कोळशी, झिंगे यांची तर मोजदादच नव्हती. रंगानं सगळे मातीचे नाहीतर शेवाळाचे. भोई लोक जाळी टाकत, पोटापुरते मासे धरत, आणि अंडी घालायचे दिवस आले की जाळं खुंटीला टांगून स्वस्थ बसत. कोणाचाही वंश बुडू द्यायचा नाही, एवढा एकच नेम होता आणि तो सगळे पाळत होते.

त्या राज्याच्या राजाला, वैभवसेनाला, अकरा वर्षांच्या नवसांनंतर मुलगी झाली. बाराव्या दिवशी राणीनं ओंजळीत एक कोळशी धरली. राजानं ती बघितली आणि नाक मुरडलं.

"माझ्या लेकीचं नाव हे असल्या चिखलमाशापाशी?"

"महाराज, आपलंही नाव असल्याच माशापाशी आहे," प्रधान म्हणाला.

"म्हणूनच आता नको," राजा म्हणाला.

बारसं थांबलं. तीन डोंगरांपलीकडे झुंबरनाथ नावाचा जादूगार राहत होता, त्याच्याकडे दूत गेले आणि काचेच्या घागरीत सोनेरी माशांची एक जोडी घेऊन आले. अंगावर असा झळाळ की बघणाऱ्याचे डोळे दिपावेत. राजानं स्वतः त्या दोघांच्या कानात लेकीचं नाव सांगितलं, हेमकला. माशाला कान कुठे असतो हे कोणी विचारू नये. राजाला तो सापडला. मग जोडी तळ्यात सुटली, नगारे वाजले, साखर वाटली, आणि जुना कायदा पुन्हा एकदा मोठ्यानं वाचून दाखवला गेला. राजघराण्याच्या नावमाशाला किंवा त्याच्या पिलावळीला जो धरील, त्याचे हात तोडले जातील.

पहिल्या वर्षी दोनाचे दोनशे झाले. लोकांनी टाळ्या पिटल्या. दुसऱ्या वर्षी वीस हजार झाले, तेव्हा टाळ्या थोड्या कमी पडल्या. सोनमासा सकाळपासून संध्याकाळपर्यंत खातच असे. मरळीची अंडी खाई, शिंगटीची अंडी खाई, कमळाचे कंद उकरून काढी, तळाचा गाळ ढवळून वर आणी. स्वतःची पिल्लं मात्र तोंडात घेऊन जपे. पाणी खरकट्या भांड्यातल्या पाण्यासारखं गढूळ झालं. कमळं गेली, कमळांवरचे चतुर गेले, बगळे दुसऱ्या राज्यात गेले. पाणमांजरं बायकापोरांसकट डोंगराकडे निघाली आणि त्यांनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. भोयांच्या जाळ्यात सगळं सोनंच सोनं येई, आणि हात शाबूत राहावेत म्हणून ते सगळं पुन्हा पाण्यात सोडावं लागे.

तिकडे राजवाड्यात हेमकलेला भूक लागे. साधी भूक नव्हे. चाळीस पुरणपोळ्या खाऊन ती रडत म्हणे, "अजून." तिच्या नावानं तळ्यात लाखो तोंडं खात होती आणि तिच्या पोटात काहीच पोचत नव्हतं. वैद्य आले, मांत्रिक आले, आचारी वाढवले. तळ्याकडे बघायचं मात्र कोणाला सुचलं नाही.

अशी बारा वर्षं गेली, आणि मग नावं जायला लागली.

काठावर गोजरा नावाची भोईण राहत होती. हाताची मोठी चपळ, जिभेची त्याहून. नवरा हरबा गरीब स्वभावाचा, दिवसभरात चार शब्द बोलणारा. त्यांना सहा वर्षांची एक मुलगी होती. मुलीचं नाव काय होतं ते इथे सांगता येत नाही, कारण एका सकाळी ते नाहीसं झालं.

झालं असं. चुलीवर पेज शिजली होती. गोजरानं लेकीला उठवायला तोंड उघडलं, आणि तोंडातून काहीच निघालं नाही. तिनं पुन्हा तोंड उघडलं. जीभ रोजच्या जागी वळली, पण तिथे शब्दच नव्हता.

"अहो," ती हरबाला म्हणाली, "पोरीला हाक मारा."

हरबानं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. शेजारीण आली, तिलाही येईना. मुलगी उठून बसली, सगळ्यांच्या तोंडांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आई, माझं नाव काय गं?"

याचा अर्थ काय ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. त्या वर्षात अकरा माणसांची नावं अशीच गेली होती. नाव गेलं की सावली झिजायला लागते. रोज थोडी, रोज थोडी. एकविसाव्या दिवशी सूर्य मावळताना सावली संपते, आणि बिनसावलीचं माणूस धुक्यासारखं विरून जातं. कासार असा गेला होता. माळीण अशी गेली होती. तिच्या नवऱ्याच्या हातात तिची नुसती चोळी राहिली होती.

गोजरा धावत तळ्यावर गेली. काठावरच्या वाळक्या फांदीवर एक खंड्या बसला होता. इतर पाखरं गेली तेव्हा हा एकटा हट्टानं राहिला होता. गढूळ पाण्यात मासा दिसत नाही म्हणून अर्धपोटी होता आणि त्यामुळे जरा तिरसट झाला होता.

"रडायला वेळ आहे का तुला?" त्यानं विचारलं.

"नाही," गोजरा म्हणाली.

"मग ऐक. तुझ्या लेकीचा नावमासा कोणता?"

"मरळ."

"तळ्यातली शेवटची मरळ काल मेली. पण एक मरळ गेल्या पावसात ओढ्यानं वर चढून गेली, ती मी डोळ्यांनी बघितली. तीन कामं आहेत. वरच्या कुंडात जाऊन विचार, नाव तिच्यापाशी जिवंत आहे का. मग झुंबरनाथाकडे जा आणि सोनमाशाचं त्याच्या मुलखातलं खरं नाव विचार. आपलं नाव परत मिळालं की मासा उसनं नाव टाकून देतो. तिसरं, ज्यानं ते नाव बांधलं त्याच्याच तोंडून ते सोडव."

"म्हणजे राजाच्या?"

"तेच काम सगळ्यांत अवघड. म्हणून शेवटी ठेवलं," खंड्या म्हणाला.

गोजरा घरी आली. हरबाला म्हणाली, "पोरीला उन्हात नेऊ नका, सावली लवकर झिजेल." हरबा म्हणाला, "जा तू. मी आहे." त्यानं त्या दिवसाचे चारही शब्द एकदम खर्च केले. गोजरानं लेकीच्या गालावरून हात फिरवला, पदर खोचला आणि निघाली. खंड्या तिच्या खांद्यावर बसला.

ओढ्याला सात उड्यांचा धबधबा होता. कडा सरळसोट, शेवाळानं गुळगुळीत. पहिल्या उडीखाली सोनमाशांची गर्दी उसळत होती, पण त्यांना वर चढता येत नव्हतं. गोजरा बोटं रुतवत, गुडघे सोलपटत चढली. दोनदा पाय सुटला. दोनदा कपारीतली वांब बाहेर आली आणि तिनं गोजराच्या घोट्याला विळखा घालून तिला सावरलं. सातव्या उडीवर गोजरा पोचली आणि तिनं समोर बघितलं.

नितळ पाणी! बारा वर्षांत न बघितलेलं नितळ पाणी! तळाचे गोटे दिसत होते, गोट्यांवरचं शेवाळ दिसत होतं, आणि शेवाळापाशी एक मरळ संथ फिरत होती. तिच्या डोक्याशी तांबड्या पिल्लांचा घोळका होता, हजार-दोन हजारांचा. तो तिच्याबरोबर वळत होता, तिच्याबरोबर थांबत होता. गोजराला इतका आनंद झाला की ती हसता हसता रडायला लागली.

"कोण?" मरळीनं विचारलं.

"भोईण आहे. माझ्या लेकीचं नाव गेलं."

"गेलं नाही. माझ्या पिल्लांपाशी आहे."

"मग सांगा ना मला!"

"तळ्यात बांधलेलं नाव तळ्यातच सुटतं," मरळ म्हणाली. "मी खाली आले तर सोनमासे माझी पिल्लं पहिल्या घटकेत खातील. काठाशी पाणी मोकळं करून दे. मी येते."

"येणार ना नक्की?"

"मीही आईच आहे," मरळ म्हणाली आणि वळली. तांबडा घोळका तिच्यामागून वळला.

पहिलं काम झालं तेव्हा तिसरा दिवस होता.

झुंबरनाथाच्या वाटेवर तीन डोंगर होते. पहिला डोंगर येणाऱ्याजाणाऱ्याकडे गाणं मागे, त्याशिवाय वाट देत नसे. गोजरानं जाळं ओढायचं गाणं म्हटलं, आणि ते त्याला इतकं आवडलं की त्यानं तिला तीनदा म्हणायला लावलं. दुसरा डोंगर लाजाळू होता. कोणी बघत असलं की उंच होई, बघितलं नाही की खाली बसे. गोजरानं तो पाठमोरी चालत ओलांडला. तिसरा डोंगर कोणालाही बघितलं की पुढे पुढे सरके, फक्त भर दुपारी त्याला झोप लागे. तो घोरायला लागेपर्यंत वाट बघावी लागली आणि त्यात दोन दिवस गेले. गोजरा रोज आपल्या सावलीकडे बघे आणि मनात लेकीची सावली मोजे.

बाराव्या दिवशी ती झुंबरनाथाच्या तळ्यावर पोचली आणि चकित होऊन उभी राहिली. तळं स्वच्छ होतं. कमळं होती, बगळे होते. पाण्यात राखाडी रंगाचे थोडे मासे फिरत होते, आणि एक वर आला की त्याला गिळायला चार तोंडं टपलेली. एक मगर, एक करकोचा, एक दांडगा मासा, आणि काठावर गळ घेऊन बसलेली एक म्हातारी.

झुंबरनाथ पाण्यावर खाट टाकून बसला होता. दाढी खाटेखालून वाहत जाऊन पलीकडच्या काठाला लागली होती.

"सोनमासे देणारे आपणच का?" गोजरानं विचारलं.

"मीच."

"त्यांनी आमचं तळं खाल्लं."

"राजानं मासा मागितला. मी मासा दिला," झुंबरनाथ म्हणाला. "माशाला आवरणारं तळं त्यानं मागितलं नव्हतं. असो. लांबून आलीस. तीन वस्तू आहेत, एक घेऊन जा."

त्यानं चुटकी वाजवली. पाण्यातून एक हंडा वर आला. हंड्यात हातभर लांब, करवतीसारख्या दातांचा मासा होता.

"हा सोड. एका महिन्यात सगळे सोनमासे खाऊन टाकील."

गोजराचे डोळे लकाकले. हात हंड्याकडे गेलासुद्धा. मग ती थांबली.

"आणि ते संपल्यावर काय खाईल?"

झुंबरनाथ खाटेवर सरळ होऊन बसला. "आजवर शंभर राजांनी माझ्याकडून काही ना काही नेलं. हा प्रश्न कोणी विचारला नाही." हंडा बुडाला आणि एक पुडी वर आली. "मग ही भुकटी. पाण्यात टाक. सकाळपर्यंत एक सोनमासा उरणार नाही."

"आणि कोळशी? झिंगे?"

"पाण्यात जे जे श्वास घेतं ते सगळं जाईल."

"नको."

पुडी विरघळली आणि एक चिमुकली घंटा वर आली. "ही वाजवलीस की तुमच्या राज्यात कोणाचं काही हरवलं होतं, हेच सगळे विसरतील. कासार विसरतील, माळीण विसरतील. तूही विसरशील. दुःख राहणारच नाही."

गोजरानं घंटेकडे बघितलं. नऊ दिवस चालून पाय सुजले होते, आणि लेकीला अजून नऊच दिवस उरले होते. तिला फार भीती वाटली, आणि त्या भीतीचा तिला राग आला. तिनं घंटा उचलली आणि मगरीच्या तोंडात फेकली. मगरीनं ती गिळली आणि आपण तोंड का उघडलं होतं हे विसरून गेली.

"मला काही नको," गोजरा म्हणाली. "त्या माशाचं खरं नाव सांगा."

झुंबरनाथ हसला. इतका हसला की खाट हेलकावली. "ठुबका!"

"काय?"

"ठुबका. तो बघ, तो राखाडी. आमच्याकडे गरिबाघरी रोज तळून खातात. सोन्याचा रंग मी वरून चढवला होता. राजाला साधा मासा दिला असता तर त्यानं घेतला असता का?"

ज्याच्यासाठी नगारे वाजले, ज्याच्यापायी लोकांचे हात तुटायचे, तो ठुबका! तिलाही हसू फुटलं, आणि खांद्यावरचा खंड्या तर हसता हसता पाण्यातच पडला.

"जाताना तिन्ही डोंगरांना माझं नाव सांग," झुंबरनाथ म्हणाला. "वाट सोपी करतील."

डोंगरांनी वाट सोपी केली. तिसऱ्यानं तर तिला पाठीवर घेऊन पाच मैल सोडलं. सतराव्या दिवशी गोजरा घरी आली. लेक दाराआड बसली होती. तिची सावली वीतभर उरली होती. गोजरानं तिला पोटाशी धरलं, तर हाताला वजन कमी लागलं. ती तशीच उठली आणि राजवाड्याकडे निघाली.

दरबार भरला होता. गोजरानं घडलेलं सगळं सांगितलं. ठुबका हा शब्द आला तेव्हा दरबारी हसले, पण राजा हसला नाही.

"म्हणजे मी नाव सोडवलं की हेमकला बिननावाची होणार?"

"होय महाराज."

"आणि तिची सावली झिजणार?"

"दुसऱ्या माशापाशी नाव ठेवलं की भरून येईल."

"आणि तो मासा आलाच नाही तर?"

मरळीनं शब्द दिला होता, पण शब्दापलीकडे गोजराकडे काही नव्हतं.

"तुझी एक लेक, माझीही एकच लेक," राजा म्हणाला. "मी बाप आहे. मला हे जमणार नाही."

गोजरा राजवाड्याच्या पायरीवर बसली. अठरावा दिवस गेला. एकोणिसावा गेला. शिपायांनी उठवलं, ती पुन्हा येऊन बसली. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला ती एकच गोष्ट सांगे, आणि वाड्यातला प्रत्येक जण ती गोष्ट आत घेऊन जाई. विसाव्या दिवशी दुपारी राजकन्या जेवायला बसली होती. आठवं ताट चाललं होतं. वाढणाऱ्या दासीनं भाताबरोबर ती गोष्टही वाढली.

हेमकलेनं हातातला घास खाली ठेवला. बारा वर्षांत पहिल्यांदा तिनं घास खाली ठेवला. ती उठली, बाहेर आली आणि गोजरासमोर उभी राहिली.

"तुझ्या मुलीची सावली केवढी राहिली?"

"चार बोटं."

राजकन्या मागे वळली. राजा धावत आला होता.

"बाबा, ती नाव गेल्यावर विरणार आहे. मी नाव असूनही रोज मरते आहे. तुम्ही मला सोन्याचं नाव दिलंत, पण मला एकदाही पोटभर जेवल्यासारखं वाटलेलं नाही."

"बाळ, धोका आहे."

"आहे. पण तो मी घेते," हेमकला म्हणाली.

राजा खाली बसला आणि सगळ्यांसमोर रडला. त्यात त्याचं राजेपण कुठे कमी झालेलं दिसलं नाही.

एकविसाव्या दिवशी सूर्य वर आला तेव्हा सगळं नगर तळ्यावर होतं. भोयांनी काठालगत बांबूच्या ताट्या ठोकून ओढ्याच्या मुखाशी एक मोठा बंदिस्त कोपरा केला होता. वीण इतकी बारीक की सोनमासा आत शिरू नये. त्यातले होते ते सोनमासे हुसकून बाहेर घालवले होते. हरबा लेकीला मांडीवर घेऊन छत्रीखाली बसला होता. राजानं मुकुट काढून प्रधानाकडे दिला, गुडघाभर पाण्यात शिरला आणि दोन्ही हात पाण्यात घातले. लाखो सोनमासे त्याच्याभोवती जमा झाले.

"हे नाव मी चुकीच्या ठिकाणी ठेवलं," राजा मोठ्यानं म्हणाला. "चूक माझी आहे. तळ्याची नाही, माशांचीही नाही. ते नाव मी परत घेतो."

गोजरानं छातीत वारा भरून घेतला आणि ओरडली, "ठुबक्या! अरे ए ठुबक्या!"

सगळे मासे जागच्या जागी थांबले. मग पाण्याला एक शिरशिरी गेली, आणि सोनं सुटलं! सालपटासारखं सुटलं, तळ्यावर एक क्षण झळाळत तरंगलं आणि बुडालं. खाली राहिले ते राखाडी, साधे, गोंधळलेले ठुबके. त्याच क्षणी राजकन्येचं नाव सगळ्यांच्या तोंडातून गेलं. या गोष्टीत ते इथवर आलं, आता येणार नाही.

"राजघराण्याचा मासा राहिला नाही," राजा म्हणाला. "कायदाही राहिला नाही."

"मग बघता काय!" गोजरा कडाडली. "टाका जाळी!"

आणि काय उसळलं ते नगर! जाळी होती त्यांनी जाळी टाकली, नव्हती त्यांनी टोपल्या टाकल्या, चाळण्या टाकल्या, धोतरं सोडून पाण्यात धरली. प्रधानानं मुकुटानंच चार ठुबके उपसले. बारा वर्षं ज्यांचे हात बांधलेले होते ते भोई असे जाळं फेकत होते की हवेतच त्याची फुलं उमलत होती. गोजरा एका होडीतून दुसऱ्या होडीत उड्या मारत ओरडत होती, "राखाडी तेवढा टोपलीत! मातीच्या रंगाचा दिसला तर हळूच पाण्यात! हळूच, मेल्यांनो, जावई असल्यासारखा!" काठावर दोनशे चुली पेटल्या. ठुबक्याला मीठमिरची लागली, तव्यावर चर्र झालं, आणि वास असा सुटला की दुसऱ्या राज्यात गेलेले बगळे दुपारपर्यंत रांगेनं परत आले. खंड्यानं एकट्यानं एकोणीस मासे खाल्ले आणि तिरसटपणा सोडून दिला.

दिवस कलला. काठालगतचा गाळ बसायला लागला. बंदिस्त कोपऱ्यातलं पाणी आधी ताकासारखं दिसत होतं, मग पेजेच्या निवळीसारखं, मग त्यात काठीचं टोक दिसायला लागलं, तसा खंड्या मरळीला सांगायला वर कुंडाकडे उडाला. गोजरा होडीतून उतरून लेकीपाशी आली. सावली नखाएवढी राहिली होती. मुलीच्या हातांच्या आरपार हरबाचं धोतर दिसत होतं. तिच्याशेजारी राजकन्या बसली होती आणि तिनं मुलीचा तो विरत चाललेला हात घट्ट धरून ठेवला होता.

"आई, ती येणार आहे ना?" मुलीनं विचारलं.

"येणार. ती आई आहे," गोजरा म्हणाली, पण तिची नजर सूर्यावर होती. सूर्याची कड डोंगराला टेकली होती. गोजरा ओढ्याच्या मुखाशी धावली आणि पाण्यात ताठ उभी राहिली.

वरून धबधब्याच्या पाण्यात काहीतरी काळं घसरलं. एक उडी, दोन उड्या. वांब पुढे होती, तिच्यामागे मरळ, आणि मरळीभोवती तांबडा घोळका. तिसरी, चौथी, पाचवी! सहावी! सातवी! घोळका ताटीच्या आत शिरला, पाण्यात पसरला, आणि एकेक पिल्लू आपापल्या जागी लागलं.

गोजराच्या तोंडात काहीतरी भरून आलं. जीभ वळली. या वेळी तिथे शब्द होता.

"बकुळे!" ती किंचाळली. "बकुळा! अगं बकू!"

मांडीवरची मुलगी खडबडून उठली. तिची सावली पायापासून निघाली आणि थेट काठापर्यंत लांब पडली, संध्याकाळी पडावी तशी.

"ओ!" बकुळा म्हणाली. "आले गं आई!"

आणि ती धावत आली. तिचा धक्का गोजराला एवढ्या जोरानं बसला की दोघी पाण्यात आपटल्या. पुरतं वजन होतं पोरीला. हरबा काठावर उभा राहून बोलायला लागला आणि त्याला थांबवता थांबवता लोक दमले.

राजा मरळीपुढे हात जोडून उभा होता. "माझ्या लेकीसाठी एक मासा मिळेल का?"

"मागायचा कोणी? तिलाच येऊ दे," मरळ म्हणाली.

राजकन्या पाण्यात उतरली. मरळीमागून ओढ्यानं खाली आलेली एक बारकी, मळकी कोळशी तिच्या ओंजळीत स्वतःहून आली. राजकन्येनं तिला काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते राजानंसुद्धा विचारलं नाही. ते नाव तिनं स्वतः निवडलं होतं आणि लोकांना पुढे ते सुंदर वाटलं. मग ती चुलीपाशी जाऊन बसली, एक भाकरी आणि तळलेला एक ठुबका खाल्ला, आणि दुसरी भाकरी वाढायला आलेल्या आचाऱ्याला म्हणाली, "पुरे."

आचाऱ्याच्या हातातली परात पडली.

सगळे ठुबके एका दिवसात संपले असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ते अजून आहेत. दर वर्षी आधी राजा जाळं घेऊन पाण्यात उतरतो आणि मग प्रजा, आणि दर वर्षी टोपल्या थोड्या हलक्या भरतात. ताट्यांच्या आत मरळ वाढली, शिंगटी वाढली, मग एकेक ताटी काढून टाकली गेली. दुसऱ्या पावसाळ्यात पहिलं कमळ आलं. पाणमांजरं परतली, मात्र उशीर झाल्याचं त्यांनी काही कारण सांगितलं नाही. कासार, माळीण आणि विरून गेलेली बाकीची माणसं परत आली नाहीत. पण त्यांची नावं मरळीच्या पिल्लांत सापडली, आणि आता ती लोकांच्या तोंडी आहेत. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक घागरीत डोकावून विचारायचं की हे काय खातं आणि याला कोण खातं, असा नवा कायदा झाला. तो वाचून दाखवायचं काम गोजराकडे आलं, कारण तिचा आवाज दोन्ही काठांना पोचतो.

पण ते सगळं पुढचं. त्या एकविसाव्या दिवसानंतरच्या सकाळी गोजरा चुलीपाशी बसली होती. पेज शिजत होती.

"बकुळे!"

"ओ!"

"बकुळा!"

"ओ, आई!"

"बकू गं!"

"अगं, किती वेळा हाक मारशील? काय हवंय?" लेक वैतागून दारात आली.

"काही नाही," गोजरा म्हणाली, आणि पुन्हा हाक मारली.